पाटीच्या अलीकडे, पाटीच्या पलीकडे

(ठाण्यात झालेल्या एका व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केलीय, बाकी जसंच्या तसं.)

माईक चालू आहे ना? बरं. 'कपडे ऐच्छिक असलेल्या सार्वजनिक जागा' हा विषय कार्डावर छापून आला तेव्हा माझ्या आत्यानं फोन केला, म्हणाली अगं ठाण्यात येऊन हे बोलणार का तू, लोक काय म्हणतील. म्हणलं आत्या, लोक काय म्हणतात हाच तर विषय आहे. सार्वजनिक बागेत किंवा किनाऱ्यावर एक ठरावीक जागा, तिथे कपडे घाला नाहीतर नका घालू, पोलीस विचारणार नाहीत. एवढंच. आणि ऐच्छिक हा शब्द नीट ऐका, काढलेच पाहिजेत असं नाही.

मी म्युनिकला अकरा वर्षं राहते. ऑफिसपासून वीस मिनिटांवर इंग्लिशर गार्टन आहे, इंग्लिश बाग, १७८९ मधली, शहराच्या मधोमध, साधारण पावणेचारशे हेक्टर. त्यात शोनफेल्डव्हीझ नावाचं एक कुरण आहे, मागे टेकडीवर ते गोल खांबांचं देवळासारखं बांधकाम, आणि उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता तिथे लोक कपडे काढून पडलेले असतात. कुंपण नाही, तिकीट नाही, पडदा नाही. पहिल्या वर्षी सायकलवरून जाताना मी मान इतकी सरळ ठेवली होती की समोरचा कुत्रा दिसला नाही.

आई आली होती जूनमध्ये तेव्हाचं सांगते. तिला बाग दाखवायला नेलं आणि रस्ता चुकून, म्हणजे खरं तर चुकून नाही, आम्ही त्या कुरणाच्या कडेनं गेलो. एक पन्नाशीचा माणूस आला, ऑफिसचा असणार, लॅपटॉपची बॅग होती. टॉवेल पसरला, शर्ट काढला, हँगरला लावल्यासारखा बॅगेवर ठेवला, पँटची इस्त्रीची रेघ जुळवून घडी घातली, मोजे बुटात, घड्याळ मोज्यात, आणि पालथा पडून पेपर वाचायला लागला. शेजारी सहा-सात हातांवर एक बाई पूर्ण कपड्यांत सॅलड खात होत्या. आई बराच वेळ गप्प. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाली, "पँटची घडी किती नीट घातलीन गं त्यानं, तुझ्या बाबांना दाखवायला पाहिजे होतं."

नंतर घरी चहा घेताना तिनं खरा प्रश्न विचारला, की हे असं कुणीही कुठेही करू शकतं का. नाही, तसं नाही, आणि इथेच सगळी गंमत आहे.

बव्हेरियात आंघोळीच्या जागी अंगावर पोहण्याचे कपडे हवेत असा एक राज्याचा नियम होता, तो २०१३ मध्ये मुदत संपून गेला, कुणी नवा केला नाही. मग प्रश्न आला की आता काय, सगळीकडे मोकळं? म्युनिकच्या नगरपालिकेनं २०१४ मध्ये सहा जागा ठरवल्या, हे कुरण आणि इझार नदीकाठचे काही पट्टे, इथे चालेल, बाकी ठिकाणी पोहताना-उन्हात पडताना कपडे घाला. जगभर बातम्या झाल्या की म्युनिकनं नग्नतेला परवानगी दिली, प्रत्यक्षात लोक त्या कुरणावर कित्येक दशकं पडतच होते, कौन्सिलनं केलं काय तर हद्द आखली. मला वाटतं ह्या विषयावर जी भांडणं होतात त्यातली निम्मी ह्या एका गैरसमजातून होतात, की जागा देणं म्हणजे सूट देणं. जागा ठरवली की त्याच वेळी बाकीची सगळी जागा पण ठरते. जिला बघायचं नाही तिला कळतं कुठल्या वाटेनं जायचं नाही, पोलिसाला प्रत्येक वेळी हे अश्लील का नाही ह्याचा निवाडा उभ्या उभ्या करावा लागत नाही.

जर्मनीत ह्याला एफ-का-का म्हणतात (हसू नका, काकांचा काही संबंध नाही), लांब शब्द फ्रायक्योर्परकुल्टुअर, मोकळ्या शरीराची संस्कृती. १८९८ मध्ये एसेनला पहिली संघटना, १९२० मध्ये झ्यूल्ट बेटावर असा बिनकपड्यांचा किनारा, १९३३ मध्ये नाझींनी बंदी आणली. पण मला जास्त रस पूर्व जर्मनीत आहे. तिथे १९५४ मध्ये बाल्टिकच्या काठावर बंदी आणायचा प्रयत्न झाला, लोक ऐकेनात, आणि १९५६ मध्ये सरकारनं हुकूम काढला की कपड्यांशिवाय पोहायला चालेल, पण जिथे तशी स्पष्ट पाटी असेल तिथेच. म्हणजे बघा, कम्युनिस्ट सरकारनं पण शेवटी पाटीच लावली! पुढे लोक पाटीच्या पलीकडे पण पसरले ते वेगळं, आणि कुणाला फारसं काही वाटेना. मग १९९० नंतर पश्चिमेचे पर्यटक त्याच किनाऱ्यांवर आले, हॉटेलं बांधली, आणि त्यांना हे खटकायला लागलं, वर्तमानपत्रांनी ह्या भांडणाला चड्डीयुद्ध नाव दिलं. ते निवलं कशानं, तर परत पाट्यांनी. इकडे कपड्यांचा किनारा, इकडे बिनकपड्यांचा, मधे मिश्र. आणि ज्यांना वाटतं हे फक्त जर्मनांचं वेड, त्यांच्यासाठी, पॅरिसनं २०१७ मध्ये व्हॅन्सेनच्या जंगलात पक्ष्यांच्या राखीव जागेजवळ ७,३०० चौरस मीटरचा तुकडा असाच खुला केला, आधी दीड महिना करून बघितलं आणि मग पुढच्या वर्षी परत.

उलटं उदाहरण स्पेनचं. तिथे १९८८ मध्ये सार्वजनिक बेअब्रूचा गुन्हाच कायद्यातून काढला, म्हणजे तत्त्वतः कुठेही चालेल. ऐकायला किती पुढारलेलं वाटतं. पण २०११ मध्ये बार्सिलोनानं शहराच्या रस्त्यांवर बंदी घातली. सगळीकडे मोकळं म्हणलं की कुठेतरी कुणाचा तरी संयम सुटतो आणि मग नियम उलट्या दिशेनं कडक होतो. म्हणून मी सगळीकडेवाली नाही, मी पाटीवाली आहे.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं तिकडचं, आमचा काय संबंध. जरा थांबा. १८९१ मध्ये ह्याच मुंबई इलाख्यात चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाचा डिस्ट्रिक्ट अँड सेशन्स जज्ज होता, विधुर माणूस, त्यानं एक नग्नमंडळ काढलं होतं, सभासद किती, तर तीन. तो आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. माथेरानचं नाव त्यासंदर्भात येतं, म्हणजे इथून नेरळला जा आणि वर चढा. जगातला पहिला असा क्लब म्हणून त्याचं नाव घेतात. पुढच्या वर्षी साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि मंडळ बुडालं, बदलीनं किती चांगल्या-वाईट गोष्टी बुडतात ते इथल्या सरकारी नोकरीवाल्यांना सांगायला नको. आणि मग आपले र. धों. कर्वे. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, मुखपृष्ठावर उघडी चित्रं छापत होते, नग्नतेत मुळात अश्लील काही नाही असं सरळ मराठीत लिहीत होते, खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील डॉ. आंबेडकर उभे राहिले. हरले, दंड झाला. पण वाद मराठीत झालाय हो, नव्वद वर्षांपूर्वी, आपण विसरलो एवढंच.

आणि नाशिकचा कुंभ? त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर नागा साधूंचं स्नान असतं, तेव्हा वेळ ठरते, रस्ता ठरतो, दोरखंड लावून पोलीस उभे राहतात, आयाबाया हात जोडून दर्शन घेतात. मला मान्य आहे की तिथे वैराग्य आहे आणि शोनफेल्डव्हीझवर उन्हाळ्याची सुट्टी आहे, दोन्ही एक नाही, आणि तसं म्हणणारा माणूस दोन्हींचा अपमान करतो. मी फक्त इतकंच दाखवतेय की जागा, वेळ आणि हद्द ठरली की आपला पोलीस पण ते शांतपणे सांभाळतो.

कायदा आपल्याकडे काय म्हणतो, तर सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पूर्वी दंड संहितेचं कलम २९४, आता भारतीय न्याय संहितेत २९६. अश्लील म्हणजे काय ते तिथे लिहिलेलं नाही. २०२० मध्ये मिलिंद सोमणनं पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर कपड्यांशिवाय धावतानाचा फोटो टाकला आणि गुन्हा नोंदवला गेला, त्यात आयटी कायद्याचं कलम पण होतं. म्हणजे आक्षेप धावण्याला जेवढा, तेवढाच फोटोला.

फोटो, हाच खरा मुद्दा. म्युनिकच्या त्या कुरणावर मी सगळ्यात जास्त ओरडा कशावर ऐकलाय माहितीय, कपड्यांवर नाही, मोबाईलवर. एका पोरानं फोन आडवा धरला, बहुतेक मागचं देऊळच काढत असेल, तरी तीन जण उठून उभे राहिले, तसेच, आणि तो बिचारा सॉरी सॉरी म्हणत पळाला. नजर वळवायची हे तिथे न लिहिलेलं कलम आहे. आता तुम्हीच सांगा, जुहूला किंवा अलिबागला एखादी बाई नुसती स्विमसूट घालून पाण्यात गेली तर किती मोबाईल वर येतात? आपल्या बायका अजून साडीत नाहीतर सलवार-कमीजमध्ये समुद्रात उतरतात, ओलं कापड पायात गुंतून पडतात, आणि बाहेर आल्यावर बदलायला जागा कुठे, तर दोन मैत्रिणी ओढणी धरून उभ्या. म्हणून उद्या गिरगावात पाटी लावा असं मी म्हणणार नाही. मधल्या पायऱ्याच नाहीत आपल्याकडे. आधी कपडे बदलायच्या खोल्या बांधा, कडी लागणाऱ्या. चोरून फोटो काढणाऱ्यावर कलम आहे, ते वापरा. मग पाटीचं बोलू.

तिकडे पण सगळं सुतासारखं सरळ आहे असं समजू नका. २०१९ मध्ये त्याच इझारच्या काठावर सुरक्षारक्षकांनी काही बायकांना वरचे कपडे घाला म्हणून दटावलं, पुरुष शेजारी उघडे बसलेले. बायका चिडल्या, शेजारच्या इतर बायकांनी निषेध म्हणून आपले पण काढले, आणि कौन्सिलला घाईघाईनं नियम बदलावा लागला.

प्रश्न घेऊया. हं, काका, तुम्ही. ...बरोबर, मला वाटलंच हे कुणीतरी विचारणार. मी स्वतः तिथे तशी बसलेय का. हो, बसले. एकदा, मैत्रिणीबरोबर, वीस-पंचवीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं वाटलं सगळी बाग माझ्याकडे बघतेय, मग डोकं वर करून बघितलं तर एक जण कोडं सोडवत होता आणि बाकीचे झोपले होते, कुणालाच काही पडलेलं नव्हतं, आणि खरं सांगू, जरा अपमानच वाटला. नंतर मुंग्या चावल्या. आईला अजून सांगितलं नव्हतं, आता ती दुसऱ्या रांगेत बसलीय.