28 सेंट आणि पावणेतीन ब्रास खडी

नमस्कार मंडळी, डेन्वर आणि आसपासच्या सगळ्या मराठी श्रोत्यांना नमस्कार. आज बोलायचंय कोलोराडोच्या डिलिव्हरी फीबद्दल, म्हणजे खडी, वाळू, रेडीमिक्स काँक्रीट असल्या बांधकामाच्या मालाला ती माफ असावी का याबद्दल.

फी तुम्हाला माहितीच आहे, गाडीने घरपोच येणाऱ्या मालावर राज्य सरकार लावतं ती, बिलाच्या तळाशी असते. जुलै 2022 ला 27 सेंटने सुरू झाली, कारण इथला पेट्रोलवरचा कर 1991 पासून गॅलनला 22 सेंटवरच अडकलाय आणि रस्त्याला पैसे तर लागतातच. लक्षात ठेवा, फी ऑर्डरमागे आहे. वजनामागे नाही, ऑर्डरमागे.

तर 2023 च्या ऑगस्टमध्ये आम्ही बॅकयार्डसाठी 10 घनयार्ड, म्हणजे साधारण पावणेतीन ब्रास खडी मागवली (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). सासरे सांगलीहून आलेले, सगळा जन्म खडी-वाळूच्या धंद्यात गेलेला माणूस. ट्रकने ड्राइव्हवेवर ढीग ओतला आणि बाबा धूळ बसायच्या आत टेप घेऊन हजर, लांबी, रुंदी, उंची, मनातल्या मनात हिशोब, आणि म्हणाले, "जावईबापू, पावणेतीन ब्रास पाहिजे, अडीचच भरतेय." मग घमेलं मागितलं, ते इथे कुठलं मिळायला.

रात्री बिल बघताना विचारलं, "हे 28 सेंट कसले?" म्हटलं, सरकारची डिलिव्हरी फी, रस्त्यासाठी. "बारा टनाला 28?" हो. "आणि काल पोरीचं खोडरबर आलं खोक्यातून, त्याला?" म्हटलं, त्यालाही 28च. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खोडरबराने रस्ता किती खचला रे?"

खडीच्या यार्डातला काउंटरवाला म्हणतो, गिऱ्हाईक काय बारा टन डिकीत घालून नेणार आहे का, त्याला ट्रकच लागणार, मग माफ करा ना. मुद्दा खोटा नाही. शिवाय खरी कटकट पैशांची नाही, दर बिलात ती वेगळी ओळ दाखवण्याची होती. पण जुलै 2023 पासून दुकानदाराला फी स्वतः भरता येते, आणि वर्षाला 5 लाख डॉलरपर्यंतच विक्री असेल तर फीच नाही. मग अजून माफी कशाला? माझं मत, द्यायचीच तर खोडरबराला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेऊन बाहेर उभे. ट्रकचं मागचं चाक जिथे वळलं तिथे फुटपाथची कड तुटली होती. बोटाने दाखवून म्हणाले, "याचे किती सेंट?"