सुटलेला गठ्ठा

(दृश्य: चाळीसगाव तालुक्यातली एक शाळा. दुसरीचा वर्ग, फरशीवर पऱ्हाटीच्या बारीक काड्या.)

बेचाळीसमधून सतरा गेले. पाटीवर उत्तर आलंय पस्तीस.

बाई खोडत नाहीत. "कसं केलंस रे?" पोरगा सांगतो, "सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन." दोनातून सात जाईनात, म्हणून पठ्ठ्यानं आकडेच उलटे धरले. फुली मारली असती, तर हे कळलं नसतं.

आता काड्या. दहा-दहाचे चार गठ्ठे, सुट्या दोन. "सतरा दे मला." एक गठ्ठा तो लगेच देतो. सुट्या सात कुठून आणायच्या? घुटमळतो. मग दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर ओढून काढतो. काड्या पसरतात. दोनाच्या बारा होतात, त्यातल्या सात बाईंच्या हातात जातात.

"कितला उरनात?" हा प्रश्न घरच्या अहिराणीतला.

दोन गठ्ठे, पाच काड्या. पंचवीस. वहीत आपण चारावर काट मारून तीन लिहितो ना, ते हे सुटलेलं रबर.

बेचाळीस म्हणताना कानावर आधी दोन येतात, लिहिताना आधी चार. पोरं चोवीस लिहून मोकळी होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस दोन' अशा धर्तीचं वाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. शब्दांवरून सगळे भांडले. काड्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

(दृश्य: पाटणादेवीचा परिसर.)

याच तालुक्यात पाटण. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला, असं तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सांगतो. ११५० च्या सुमाराची 'लीलावती' त्याच आजोबांची. तिच्यात गणितं कसली? भुंग्यांची!

(दृश्य: पुन्हा शाळा, पाचवीचा वर्ग.)

थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोघांतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर. एक भुंगा केवडा आणि मालतीच्या वासात घोटाळत राहिला. एकूण किती?

फळा कोराच आहे. एक मुलगी दहा काड्या घेते. पाचवा भाग निघतो, तिसरा निघत नाही. गोळा करून पुन्हा, यावेळी पंधरा. तीन इकडे, पाच तिकडे, फरक दोन, म्हणून सहा कुड्यावर.

हातात एक काडी उरते.