अमेरिकेत निकाल लागल्यावर मतपत्रिका पुन्हा तपासतात, ते नक्की कसं?

नमस्कार मंडळी! ईव्हीएमचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "अरे अमेरिकेत बघ, तिकडे अजून कागदावर मतदान होतं." होतं, बरोबर आहे. पण ते कागद मोजतं कोण? मशीनच की! मतदार कागदावरचा गोल काळा करतो, कागद स्कॅनरमधून जातो आणि रात्री टीव्हीवर जो आकडा झळकतो तो स्कॅनरनं दिलेला असतो, माणसांनी बसून मोजलेला नसतो. काही छोट्या गावांत अजून हातानं मोजतात, पण ते सोडा.

म्हणजे खरा प्रश्न वेगळाच आहे. स्कॅनरनं बरोबर मोजलं का हे तपासायला किती कागद काढायचे, कुठले काढायचे, ते कोणी ठरवायचं, आणि नाही जुळलं तर पुढे काय? आणि याचं एक उत्तर नाहीये बरं का, कारण तिकडे आपल्यासारखा सगळ्या देशाची निवडणूक घेणारा एक आयोग नाही, निवडणूक राज्याच्या कायद्यानं होते आणि प्रत्यक्ष राबतात ते काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे लोक. त्यामुळे एका राज्यात जे कायद्यानं बंधनकारक आहे ते शेजारच्या राज्यात नसेलही. आज आपण तीन राज्यं बघू, कॉलोराडो, जॉर्जिया आणि ॲरिझोना, आणि शेवटी थोडं आपल्याकडचं.

आधी जुनी पद्धत पटकन सांगतो. कॅलिफोर्नियात 1965 पासून कायदा आहे की 1 टक्का मतदान केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि तिथल्या मतपत्रिका हातानं मोजून मशीनच्या आकड्याशी ताडून बघायच्या. पेनसिल्व्हेनियात प्रत्येक काउंटीनं 2 टक्के किंवा 2,000 मतपत्रिका, यातलं जे कमी असेल तेवढं तपासायचं. ऐकायला छान वाटतं, आणि काहीच न तपासण्यापेक्षा शंभर पटीनं बरं, पण जरा विचार करा. एक उमेदवार 40 टक्क्यांनी जिंकलाय आणि दुसरीकडे एक जण अर्ध्या टक्क्यानं जिंकलाय, दोन्हीकडे तपासणी तेवढीच? पहिल्या ठिकाणी निकाल उलटायचा तर मशीननं प्रचंड मोठा घोळ घालायला हवा, आणि तेवढा मोठा घोळ थोड्याशा कागदांतही दिसेलच. दुसऱ्या ठिकाणी बारीकशी चूक पुरते, आणि ती शोधायला खूप जास्त कागद लागतात. ठरावीक टक्केवारीवाल्या कायद्याला हा फरकच कळत नाही.

बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी 2008 च्या आसपास याचं उत्तर मांडलं, त्याला म्हणतात रिस्क-लिमिटिंग ऑडिट. यात किती कागद तपासायचे हे आधी ठरवतच नाहीत. आधी ठरवतात ते हे, की समजा मशीननं हरलेल्या माणसाला विजयी दाखवलं असेल, तर ती चूक या तपासणीतून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त किती चालेल? समजा 5 टक्के. मग कागद काढत राहायचे, पुरेसा पुरावा जमेपर्यंत. नाहीच जमला तर थांबायची सोय नाही, सरळ सगळी मतं हातानं मोजायची. आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, 5 टक्के रिस्क म्हणजे "निकाल 95 टक्के बरोबर आहे" असं नाही. निकाल चुकीचा असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता किमान 95 टक्के, असा त्याचा अर्थ.

[स्क्रीनवर: कॉलोराडोचा नकाशा]

कॉलोराडोनं 2009 मध्येच असा कायदा केला, पण राज्यभर पहिल्यांदा अंमलबजावणी झाली ती नोव्हेंबर 2017 मध्ये. मध्ये आठ वर्षं गेली! अमेरिकेत राज्यभर हे करणारं पहिलं राज्य तेच. उशीर का झाला, तर या तपासणीची जी सगळ्यात चांगली पद्धत आहे तिला असं मशीन लागतं जे एकेका मतपत्रिकेची वेगळी नोंद ठेवतं, म्हणजे अमुक गठ्ठ्यातला अमुक नंबरचा कागद, त्यावर मी हे हे मत वाचलं, अशी. जुन्या मशीनना ते जमत नव्हतं, त्यामुळे नवीन मशीन येईपर्यंत मुदत पुढे ढकलली गेली.

आता ती तपासणी कशी चालते ते बघा, मला हा भाग जाम आवडतो. आधी प्रत्येक काउंटीनं आपल्या सगळ्या नोंदी आणि कुठल्या खोक्यात किती कागद आहेत याची यादी राज्याकडे जमा करायची. एकदा दिली की दिली, नंतर बदलता येत नाही. त्यानंतर डेन्व्हरमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या निवडणुका सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांसमोर फासे टाकतात, खरेखुरे फासे, दहा बाजूंचे, 0 ते 9 आकडेवाले. आलेल्या लोकांनी आळीपाळीनं टाकायचे, असे वीस. त्यातून वीस आकडी संख्या तयार होते, ती कॉम्प्युटरमध्ये घालतात आणि त्यातून कुठले कागद काढायचे त्याची यादी निघते. क्रम लक्षात घ्या, नोंदी आधी, फासे नंतर. कोणाला घोळ करायचाच असेल तर करताना त्याला माहीतच नसतं की कुठला कागद तपासायला निघणार आहे. आणि तीच वीस आकडी संख्या घेऊन तुम्ही घरी बसून तीच यादी काढून बघू शकता, गुपित काही नाही.

मग काउंटीच्या ऑफिसात दोन माणसं बसतात, वेगवेगळ्या पक्षांची. यादीत समजा आलं, स्कॅनर 3, गठ्ठा 47, कागद 12. खोकं आणायचं, सीलचा नंबर रजिस्टरमधल्या नंबरशी ताडायचा, सील तोडायचं, वरून मोजत बारावा कागद काढायचा. दोघांनी मिळून वाचायचं की मतदारानं काय खूण केलीय आणि ते सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. मशीननं काय वाचलं होतं ते त्यांना त्या वेळी दिसत नाही, उगाच मनावर परिणाम नको म्हणून. कोणी गोल अर्धाच काळा केलेला असतो, कोणी एकाला खूण करून खोडून दुसऱ्याला केलेली असते, आणि दोघांचं एकमत झालंच नाही तर "एकमत नाही" असं भरायचीही सोय आहे. आणि कागद सापडलाच नाही तर? तर तो सगळ्यात वाईट शक्यतेनं धरतात, म्हणजे जणू तो विजेत्याच्या विरोधात गेला असं. कागद गायब करून फायदा होऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात हुशार नियम हाच.

किती कागद लागतात? 5 टक्के रिस्क धरली, सगळे कागद जुळले आणि जिंकणाऱ्याची आघाडी 10 टक्के असेल तर साधारण 60-65 कागद. हो, तेवढेच! आघाडी 1 टक्का असेल तर सव्वासहाशेच्या आसपास. लाखो मतं असली तरी एवढेच, कारण शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे याला फारसं महत्त्व नसतं, भात नीट हलवलाय का याला असतं. पण ज्या राज्यात एकेका कागदाची नोंद नाही, तिथे नुसते कागद काढून कोणाला किती मतं पडली एवढंच बघावं लागतं, आणि मग त्याच 10 टक्के आघाडीला सरासरी 600 कागद लागतात, 1 टक्क्याला जवळजवळ 60,000. आघाडी दहा पटीनं कमी झाली तर काम शंभर पटीनं वाढतं.

आणि हेच जॉर्जियाला 2020 मध्ये भोवलं. तिथे 2019 मध्ये तपासणीचा कायदा झालेला, कागदाची नवी व्यवस्था नुकतीच आलेली, आणि पहिलीच अध्यक्षपदाची निवडणूक अशी की जवळपास 50 लाख मतांत बायडन यांची आघाडी 14 हजारांच्या आसपास, म्हणजे पाव टक्क्याहून थोडी जास्त! नमुना काढायचा म्हटलं तरी आकडा लाखांच्या घरात जात होता, आणि एवढे कागद खोक्याखोक्यातून वेचून काढण्यापेक्षा सगळेच मोजलेले सोपे. सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर, जे स्वतः रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाचे, त्यांनी तेच जाहीर केलं. सगळ्या 159 काउंटींत दोघादोघांच्या टीमनं एकेक कागद उचलून, नाव वाचून, ढीग लावून मोजला.

निघालं काय? फ्लॉइड काउंटीत 2,600 च्या आसपास मतपत्रिका स्कॅनच झालेल्या नव्हत्या. फेएट काउंटीत एका मेमरी कार्डवरची 2,755 मतं अपलोड व्हायची राहून गेली होती. माणसांच्याच चुका, मशीनच्या नाहीत, पण तपासणी झाली नसती तर कदाचित कळल्याही नसत्या. या मतांमुळे ट्रम्प यांचा फायदाच झाला, आघाडी थोडी कमी झाली, निकाल मात्र तोच राहिला. हातमोजणीत बायडन यांची आघाडी 12,284 आली. मग कायद्यानुसार अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक म्हणून ट्रम्प यांच्या बाजूनं फेरमोजणी मागितली, ती परत मशीनवर झाली, आणि शेवटचा आकडा 11,779. आता काही जण म्हणाले की बघा, तीन वेळा मोजलं आणि तीन वेगळे आकडे आले, म्हणजे घोटाळा! अहो, 50 लाख कागद माणसांनी मोजले तर काहीशे इकडेतिकडे होणारच, आकडा तंतोतंत आला असता तर मला जास्त संशय आला असता.

ॲरिझोनाचा कायदा आणखी वेगळा. तिथे काउंटीतल्या सगळ्या केंद्रांपैकी किमान 2 टक्के आणि वर टपालानं वगैरे आलेल्या मतांचा एक ठरावीक हिस्सा हातानं मोजतात, आणि केंद्रं कुठली हे पक्षांचे प्रतिनिधी आळीपाळीनं चिठ्ठ्या काढून ठरवतात, मोजायला माणसंही पक्षच देतात. यात गंमत अशी की पक्षांनी पुरेशी माणसं दिली नाहीत तर त्या काउंटीत हातमोजणी होतच नाही! कायद्यातच एवढं मोठं भोक.

2020 मध्ये मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फीनिक्सच्या काउंटीत, ही मोजणी झाली आणि एकही फरक निघाला नाही. तरी 2021 मध्ये तिथल्या राज्य सिनेटनं सायबर निन्जाज नावाच्या खासगी कंपनीला 21 लाख मतपत्रिका पुन्हा तपासायला दिल्या. एका स्टेडियममध्ये महिनोन्महिने टेबलं लावून कागद फिरवले, अल्ट्राव्हायलेट लाइट मारले, कागदात बांबूचे धागे आहेत का हेसुद्धा बघितलं, म्हणजे आशियातून खोट्या मतपत्रिका आल्या की काय म्हणून! शेवटी त्यांच्याच रिपोर्टात बायडन यांची 99 मतं वाढली आणि ट्रम्प यांची 261 कमी झाली. बातम्यांत याला पण ऑडिटच म्हटलं गेलं, पण निकाल प्रमाणित होऊन कित्येक महिने झाल्यावर, मधेच बदलणाऱ्या नियमांनी, एका बाजूनं नेमलेल्या कंपनीनं केलेलं काम आणि कॉलोराडोत निकालावर शिक्का बसायच्या आधी होणारी तपासणी, यांना एका रांगेत बसवू नका प्लीज.

आता आपल्याकडे या. 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर प्रत्येक विधानसभा मतदारसंघातले 5 बूथ चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. महाराष्ट्रात 288 मतदारसंघ, म्हणजे 1,440 बूथ, आणि नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत ते सगळे जुळले असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. मी ते खोटं म्हणत नाहीये. पण गणित बघा, एका मतदारसंघात 300 बूथ आहेत, त्यातल्या 6 ठिकाणी काहीतरी बिघाड आहे, आणि तुम्ही 5 बूथ उचलले, तर त्यात बिघाडाचा एकही न सापडण्याची शक्यता 90 टक्के आहे. जिथे 50,000 नं निकाल लागला तिथे 6 बूथनं काही बिघडत नाही. जिथे 300 मतांनी लागला तिथे? तिथेही बूथ 5 च. आणि एखाद्या बूथवर नाहीच जुळलं तर त्या बूथपुरती चिठ्ठ्यांची मोजणी धरतात, पण मग बाकीचे बूथ उघडायचे का, किती उघडायचे, ही पुढची पायरी कॉलोराडोच्या कायद्यासारखी लिहिलेली नाही. माझं स्पष्ट मत, मशीन चांगलं की वाईट यावर घसा कोरडा करण्यापेक्षा, हा 5 चा आकडा विजयाच्या फरकाला बांधा अशी मागणी कोणत्याही पक्षानं लावून धरायला हवी, आणि जिंकलेल्यांनीसुद्धा.

आणि जे मराठी लोक तिकडे राहतात, खास करून बे एरियात वगैरे, त्यांच्यासाठी एक, कॅलिफोर्नियातली ती 1 टक्क्याची हातमोजणी कायद्यानं लोकांसमोर करावी लागते आणि किमान पाच दिवस आधी जाहीर करावी लागते, तर पुढच्या निवडणुकीनंतर आपल्या काउंटीच्या निवडणूक ऑफिसची नोटीस बघा आणि जाऊन बसा, बघायला नागरिक असणं लागत नाही, फक्त कागदाला हात लावू देत नाहीत. चला, भेटू पुढच्या व्हिडिओत.