डावा गाल, उजवा गाल

पंधरा मीटर खोल. कानात आपल्याच श्वासाची घरघर, आणि समोर प्रवाळाच्या कपारीत तोंड खुपसलेलं हॉक्सबिल कासव.

चोच बघा, ससाण्यासारखी. तिनं ते फटींमधले स्पंज ओरबाडून खातंय. खाण्यात गुंतलंय, म्हणून आपल्याला इतकं जवळ येता आलं.

कॅमेऱ्यात मात्र ते निळसर राखाडी दिसतं. उन्हातला लाल रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच विरून जातो. कवचावरच्या मधाळ, तपकिरी रेषा खऱ्या रंगात हव्या असतील तर फ्लॅशच लागतो, आणि पाण्याखाली त्याचा उजेड जेमतेम मीटर-दीड मीटर पोचतो. म्हणजे जवळ जायलाच हवं. आणि पाठलाग केला की कासव निघून जातं. त्यानं दोन वल्ही मारली की आपल्या पायांतले फिन थिटे पडतात. म्हणून बाजूला, त्याच्या उंचीवर, प्रवाळाला धक्का न लावता तरंगत राहायचं. वरून घेतलेला पाठीचा फोटो मला कधीच भावला नाही. त्यात चेहरा नसतो.

चेहराच तर हवा! डोळ्यामागचे हे खवले पाहा. त्यांची मांडणी प्रत्येक कासवाची वेगळी, आणि डाव्या गालाची उजव्याशी जुळत नाही. वर्षांनंतर तेच कासव पुन्हा दिसलं, तर अभ्यासक ते या खवल्यांवरून ओळखतात. त्यासाठी त्याला पकडावं लागत नाही. म्हणून फोटो दोन्ही गालांचे काढायचे, आणि सोबत तारीख अन् जागा लिहून ठेवायची. याच देखण्या कवचाचे कंगवे आणि चष्म्याच्या फ्रेम बनवण्यासाठी ही कासवं बेसुमार मारली गेली. आज ही जात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. एकेका कासवाची अशी नोंद मला म्हणूनच मोलाची वाटते.

आता ते मान उचलतंय. त्यालाही फुप्फुसं आहेत, हवेसाठी वर जावंच लागतं. अशा वेळी त्याच्या डोक्यावर कुणी तरंगत असेल तर त्याची वाट अडते. बाजूला व्हा. मागोमाग वर झेपावूही नका. टाकीतली दाबाची हवा छातीत घेऊन झपकन वर जाणं आपल्या जिवावर बेतू शकतं.

वर चकाकता पृष्ठभाग. कासवाचं डोकं क्षणभर त्याच्या पलीकडे जातं.

डावा गाल मिळालाय. कपारीत अर्धा खाल्लेला स्पंज तसाच आहे. टाकीत हवा उरलीय तोवर आपण इथेच, बाजूला, थांबलोय.