झॅनाडू, तरीही लाडका

नमस्कार श्रोतेहो.

८ ऑगस्ट १९८० रोजी अमेरिकेत 'झॅनाडू' नावाचा संगीतपट प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी त्याच्या चिंधड्या उडवल्या. वर्षातल्या सर्वांत वाईट सिनेमांना दिले जाणारे रॅझी पुरस्कार तुम्ही ऐकले असतील. ते सुरू करायची कल्पना सुचली ती हा आणि असाच आणखी एक संगीतपट पाठोपाठ पाहून. वाईट दिग्दर्शनाचा पहिला रॅझीही याच्याच दिग्दर्शकाला, रॉबर्ट ग्रीनवाल्डला मिळाला.

कथा कच्ची आहे, मान्य. ग्रीक पुराणातली एक कलादेवी लॉस एंजेलिसमध्ये अवतरते, एका निराश चित्रकाराला प्रेरणा देते आणि शेवटी उभं राहतं काय, तर चाकांच्या बुटांवर नाचायचं सभागृह! पण ही कलादेवी झाली आहे गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन. सिनेमातलं तिचं 'मॅजिक' हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. संगीतकार जेफ लिनचं शीर्षकगीत ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं. सिनेमा पडला, गाणी नाही पडली.

मी मात्र एका प्रसंगासाठी हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहते. एका ओसाड इमारतीत एक जुना वादक आणि तो तरुण चित्रकार उभे आहेत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे चाळीसच्या दशकातला वाद्यवृंद येतो, पितळी वाद्यं, सुरात सूर मिसळणाऱ्या गायिका. तरुणाला दिसतो गिटार घेतलेला रॉक बँड. दोन्ही आलटूनपालटून वाजतात. मग दोन्ही रंगमंच सरकत सरकत एकमेकांत शिरतात, आणि दोन वेगळी गाणी एकाच ठेक्यावर येतात! त्या क्षणी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

तो म्हातारा म्हणजे हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांचा नामवंत नर्तक-नट जीन केली. वय सदुसष्ट, आणि सिनेमातली त्याची ही शेवटची भूमिका. ऑलिव्हियाबरोबर तो एक नाच करतो. उड्या नाहीत, गिरक्यांचा सोस नाही. पावलं इतकी हलकी की जमिनीला त्यांचा भार वाटू नये. ती त्याच्याकडे बघत बघत नाचते. तिच्या चेहऱ्यावरचा आदर मला अभिनय वाटत नाही.

ऑलिव्हिया गेली ८ ऑगस्ट २०२२ रोजी. 'झॅनाडू' प्रदर्शित झाला तीच तारीख, बेचाळीस वर्षांनी.

ऐकू या, 'मॅजिक'.