सतरा टक्क्यांचा किल्ला

21 एप्रिल 2002. रविवार, रात्रीचे आठ. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी. शेवटची मतदान केंद्रं आत्ताच बंद झालीत आणि टीव्हीच्या पडद्यावर दुसऱ्या फेरीत जाणारे दोन चेहरे उमटतात. एक राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांचा. तो असणारच होता. दुसरा डावे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांचा, असं सगळे धरून चालले होते. पण दुसरा चेहरा होता जाँ-मारी ल पेन यांचा. जोस्पँ यांनी त्याच रात्री राजकारण सोडत असल्याचं सांगून टाकलं.

ल पेन म्हणजे 1972 पासून नॅशनल फ्रंट या कट्टर उजव्या पक्षाचे सर्वेसर्वा. स्थलांतरितांवर आग ओकणारे. नाझींची गॅस चेंबर ही महायुद्धाच्या इतिहासातली एक 'बारीकशी बाब' आहे, असं 1987 मध्ये बोलून गेलेले. कोर्टाने दंड ठोठावला, पेपरांनी झोडपलं. त्यांची माणसं मात्र जागची हलली नाहीत. आपला माणूस कुणाला भीत नाही, हेच तर त्यांना हवं होतं.

मग 2002 मध्ये लाट आली का? आकडे बघा. पहिल्या फेरीत ल पेन यांना 1988 मध्ये 14.4 टक्के. 1995 मध्ये 15. आणि 2002 मध्ये 16.9. याला लाट म्हणत नाहीत. त्या वर्षी रिंगणात 16 उमेदवार होते, डाव्यांची मतं फुटली, पुष्कळ जण मतदानालाच गेले नाहीत. जोस्पँ मागे पडले ते दोन लाखांहूनही कमी मतांनी. ल पेन पुढे सरकले, त्यापेक्षा बाकीचे विखुरले असं म्हणणं जास्त खरं.

आणि मग दुसऱ्या फेरीपर्यंतचे ते दोन आठवडे. 1 मे रोजी देशभर दहा लाखांहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. शिराक यांच्यावर पॅरिसच्या महापौरपदापासूनचे गैरव्यवहाराचे आरोप होते, आणि डाव्यांना ते बिलकुल पसंत नव्हते. तरी मोर्च्यात घोषणा होती: चोराला मत द्या, फॅसिस्टाला नको! प्रचारात याहून प्रामाणिक घोषणा क्वचितच ऐकू येते.

5 मे. फ्रान्समध्ये मतदान कसं होतं ते जरा जवळून पाहू. टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. मतदार चिठ्ठ्या उचलतो, पडद्याआड जातो, एक चिठ्ठी लिफाफ्यात घालतो, लिफाफा पारदर्शक पेटीत टाकतो. त्या दिवशी टेबलावर दोनच गठ्ठे होते. नाकाला कपड्यांचा चिमटा लावून शिराक यांना मत द्यायचं, असा बेत बोलला जात होता. अखेर असल्या प्रदर्शनाने गुप्ततेचा भंग होतो, अशी तंबी निवडणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या घटना परिषदेने दिली.

शिराक 82.2 टक्के. ल पेन 17.8.

आता खरी गंमत. पहिल्या फेरीत ल पेन यांचे जुने सहकारी ब्रूनो मेग्रे यांनी वेगळी चूल मांडून 2.3 टक्के घेतले होते. त्या दोघांची मिळून मतं होती सुमारे 54 लाख 70 हजार. दुसऱ्या फेरीत एकट्या ल पेन यांना पडली सुमारे 55 लाख 25 हजार. मतदान वाढलं, 14 उमेदवारांचे मतदार मोकळे झाले, आणि भर पडली जेमतेम पन्नास हजारांची! किल्ल्यातून कुणी बाहेर गेलं नाही. आतही कुणी आलं नाही.

हा हिशेब त्यांची मुलगी मारीन हिला कळला. 2011 मध्ये पक्ष तिच्या हाती आला, 2015 मध्ये तिच्या पक्षाने खुद्द वडिलांचीच हकालपट्टी केली, 2018 मध्ये नाव बदलून नॅशनल रॅली झालं. धोरणाचा गाभा फारसा बदलला नाही. बोलण्याची धार तेवढी घासून घेतली. राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत तिला 2017 मध्ये 34 टक्के, 2022 मध्ये 41.5.

7 जुलै 2024. पुन्हा रविवार, पुन्हा रात्रीचे आठ. संसदेच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत तिचा पक्ष अव्वल आला होता. मग दुसऱ्या फेरीआधी दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली, बहुतेकांनी विरोधी मतं फुटून तिचा पक्ष जिंकू नये यासाठीच. पडद्यावर आकडे आले. मतं सर्वाधिक. जागांमध्ये तिसरा.