जांभ्यावर कोण टिकतं? कावासाकी केएक्स २५० आणि केटीएम २५० एसएक्स-एफ

मंडळी, मोटोक्रॉसच्या, म्हणजे कच्च्या ट्रॅकवर उड्या घेत पळायच्या शर्यतीच्या, दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की पहिला प्रश्न येतो, इंजिन कुणाचं जास्त जोरदार? घाटावरच्या भुसभुशीत, मुद्दाम बनवलेल्या ट्रॅकवर तो प्रश्न रास्तही आहे. पण आपण रत्नागिरीत बसलोय. लांज्यापासून देवगडपर्यंत आपल्या पायाखाली जांभा आहे, आणि जांभ्यावर गाडी पारखायची तर आधी पुढच्या फोर्ककडे, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के खाणाऱ्या दोन पायांकडे, बघावं लागतं. इंजिनाचा नंबर नंतर लागतो.

जांभा म्हणजे पावसानं खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, तो दगड. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, उघड्यावर पडला की कडक होतो. त्याला भोकं असतात आणि त्या भोकांच्या कडा धारदार असतात. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, किंवा सोडून दिलेल्या चिरेखाणीतल्या ट्रॅकवर खाली हा कातळ आणि वर छर्ऱ्यासारखी सुटी खडी असते. मऊ मातीत वळणाच्या कडेला बर्म, म्हणजे मातीचा बांध, तयार होतो आणि चाकाला आधार देतो. इथे आधार नाही. गाडी वळणात खडीवरून सरकते, आणि ब्रेकच्या जागी मोठे गोल खड्डे पडण्याऐवजी लहान, टोकदार, एकामागोमाग एक धक्के बसतात. मनगटाला मुंग्या येतात त्या या धक्क्यांनी.

आता गाड्या. कावासाकीची केएक्स २५० मी २०२१ ते २०२४ या काळातली धरतो. २०२१ मध्ये तिला बटन स्टार्ट आणि हायड्रॉलिक क्लच मिळाला. केटीएमची २५० एसएक्स-एफ २०२३ पासूनच्या नव्या फ्रेमची. कागदावर दोघी बहिणी वाटाव्यात इतक्या जवळ आहेत. कावासाकीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५२.२. केटीएमचा बोअर ७८, स्ट्रोक ५२.३. एक दशांश मिलिमीटरचा फरक. दोन्ही इंजिनं वरच्या आरपीएमला जीव धरणारी. केटीएम तर १४,००० पर्यंत फिरते. दोघींना पाच गिअर, पुढे २१ इंची आणि मागे १९ इंची चाक, आणि ४८ मिलिमीटरचा फोर्क. फरक आहे तो त्या फोर्कच्या पोटात.

कावासाकीचा फोर्क केवायबी कंपनीचा. दोन्ही पायांत लोखंडी स्प्रिंग, दोन्ही पायांत ऑइल आणि डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारी यंत्रणा. केटीएमचा डब्ल्यूपी कंपनीचा, हवेचा. डाव्या पायात दाबलेली हवा स्प्रिंगचं काम करते आणि उजव्या पायात डॅम्पिंग असतं. लोखंडी स्प्रिंग गेल्यामुळे पुढचं वजन घटतं, आणि वळणात गाडी पटकन आत येते, हे खरं आहे. पण हवेचा स्वभाव लक्षात घ्या.

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. समजा, सकाळी २४ अंश तापमानाला तुम्ही फोर्कमध्ये १० बार भरले. हिशेब करताना वातावरणाचा एक बार धरावा लागतो, म्हणजे एकूण ११. दुपारी ऊन आणि धक्के दोन्ही खाऊन फोर्क ४४ अंशांवर गेला, तर ११ ला ३१७ नं गुणा आणि २९७ नं भागा. उत्तर ११.७ च्या पुढे येतं. मीटरवर ते १०.७ दिसेल. हातपंपानं आपण ०.२ बारच्या पायऱ्यांनी सेटिंग बदलतो आणि तो बदल हँडलवर जाणवतो. इथे न सांगता साडेतीन पायऱ्यांचा बदल झाला. सकाळी छान वाटलेला फोर्क दुपारी ठणकतो, आणि मुलं क्लिकर (डॅम्पिंग कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवत बसतात. क्लिकरचा दोष नसतोच. स्प्रिंगच्या फोर्कमध्ये ऑइल तापून डॅम्पिंग थोडं सैल पडतं, पण स्प्रिंगची ताकद सकाळी जेवढी तेवढीच दुपारी राहते.

दुसरी गोष्ट घर्षणाची. दहा बार हवा अडवायला घट्ट सील लागतं. घट्ट सील म्हणजे फोर्क हलायला सुरुवात करतानाच थोडा अडतो. मोठ्या जंपवर उतरताना हे कळत नाही. जांभ्याच्या त्या बारीक टोकदार धक्क्यांवर मात्र कळतं, कारण तिथे फोर्कला दर वेळी जेमतेम दहा-वीस मिलिमीटर हलायचं असतं आणि ते लगेच हलायचं असतं. या एका कामात केएक्सचा फोर्क सरस आहे, यात मला शंका नाही.

केटीएमच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तिची फ्रेम क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची आहे, कावासाकीची ॲल्युमिनियमची. पोलादी फ्रेम किंचित लवते आणि फोर्कनं सोडलेल्या थरथरीतली काही स्वतः पिते. पाय आणि कंबर तिच्यावर कमी थकतात. आणि हवेच्या फोर्कचा एक फायदा आपल्याकडे फार मोलाचा आहे. कंपनीतून येणारी स्प्रिंग साधारण ७० ते ७५ किलोच्या स्वारासाठी असते. चालवणारा ५८ किलोचा असेल किंवा ९० किलोचा, तर केएक्सच्या फोर्कची स्प्रिंगच बदलावी लागते. ती चिपळुणात किंवा कणकवलीत दुकानात मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते. केटीएमला शॉक पंप पुरतो. एकच गाडी दोन भाऊ चालवणार असतील तर हा फरक निर्णायक आहे.

पंप वापरायचा तो असा. गाडी स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी, फोर्क थंड. दाब भरून झाला की दोन्ही पायांवरचे ब्लीड स्क्रू उघडून साचलेली हवा सोडा, मग बंद करा. चाक जमिनीवर टेकलेलं असताना किंवा हीट (शर्यतीची एक फेरी) संपवून आल्या आल्या मोजलेला दाब खोटा असतो. दिवसातून दोनदा, सकाळी आणि जेवणानंतर गाडी सावलीत अर्धा तास उभी करून मोजा. आणि आकडा वहीत लिहा.

या फोर्कचं मोठं भय वेगळं आहे. जांभ्याची लाल धूळ मैद्यासारखी बारीक असते आणि तिच्यात लोहाचे कण असतात. ती सीलच्या ओठात बसली की स्प्रिंगच्या फोर्कमधून ऑइल पाझरतं. घाण होते, पण दिवस निघतो. हवेच्या फोर्कमध्ये आतलं हवेचं सील गेलं तर दाब उतरतो आणि गाडीचा पुढचा भाग खाली बसतो. जंपवरून उतरताना हे झालं तर स्वार हँडलवरून पुढे जाईल. म्हणून सकाळी भरलेला दाब संध्याकाळी थंड फोर्कवर ०.३ बारनं जरी कमी दिसला, तरी फक्त पुन्हा भरून पुढे जाऊ नका. सील बघून घ्या. रोज संध्याकाळी पातळ प्लॅस्टिकची पट्टी धूळ-सीलच्या आत फिरवून माती काढली तर दोन्ही गाड्यांची सीलं टिकतात.

मागच्या बाजूला दोघींनाही लिंकेज (मागचा दांडा आणि शॉकअप जोडणारे सांधे) आणि एकच शॉकअप आहे, त्यामुळे सॅग, म्हणजे वजनानं गाडी किती खाली बसते ते, बसवण्याची रीत एकच. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मोजा. समजा ६२० मिलिमीटर आलं. आता स्वार बूट-हेल्मेटसकट फूटरेस्टवर मधोमध उभा. ५१५ आलं तर सॅग १०५. आपल्या कातळावर १०२ ते १०५ ठेवा. मग स्वार उतरवा आणि गाडीच्या नुसत्या वजनानं किती बसते ते बघा, ३० ते ४० हवं. स्वारासकट आकडा बरोबर येतो पण नुसत्या गाडीचा २५ च्या खाली जातो, तर त्या माणसाला स्प्रिंग मऊ पडते आहे. उगाच नट आवळून ती कडक होत नाही, फक्त आधीच दाबली जाते. बरेच जण हा दुसरा आकडा घेतच नाहीत.

रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉकअप परत वर येण्याच्या वेगाची, चूक आपल्याकडे सर्रास दिसते. गाडी उधळते म्हणून रिबाउंड मंद करतात. एकामागोमाग धक्के आले की शॉकअप पुरता वर यायच्या आतच पुढचा धक्का बसतो, तो आणखी खाली जातो, आणि चौथ्या-पाचव्या धक्क्याला जागाच उरत नाही. गाडी जास्तच उधळते. जांभ्यावर आधी रिबाउंड दोन क्लिक मोकळा करून बघा. एका वेळी एकच गोष्ट, दोनच क्लिक.

आता इंजिन. कोकणच्या हवेत ३० अंशांना आर्द्रता ८० टक्के असेल तर हवेचा तीन टक्क्यांहून थोडा जास्त भाग नुसती वाफ असते. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढा जोर कमी. दोघींना सारखाच फटका. फरक येतो मागचं चाक सुटण्यात. खडीवर थ्रॉटल उघडताना केटीएमच्या हँडलवरच्या बटनानं मऊ मॅप (इंजिनाचा जोर हळू सोडणारी सेटिंग) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागच्या चाकाची घसर आवरणारी सोय) लावता येतं, चालता चालता. केएक्सला तीन कपलर, म्हणजे इंधन-इंजेक्शनची सेटिंग बदलणारे प्लग, येतात: नेहमीच्या, कडक आणि मऊ जमिनीसाठी. कातळाला कडक जमिनीचा लावा. बदलायला गाडी थांबवावी लागते, आणि खाऱ्या हवेत त्या कपलरच्या पिना हिरव्या पडतात. थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की प्रश्न मिटतो. गाडी कोणतीही असो, वळणातून दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरनं बाहेर या. क्लच दोघींचाही हायड्रॉलिक आहे, बोटाला हलका लागतो. गिअरिंगबद्दल एवढंच, की पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ चार. कातळावर मागे एक दात वाढवण्यापलीकडे जाऊ नका.

पुढचा डिस्क केएक्सला २७० मिलिमीटरचा, केटीएमला २६०, पण ब्रेक ब्रेम्बो कंपनीचा. कातळावर उतारावर केटीएमचा ब्रेक अचानक पकडतो असं नवशिक्याला वाटेल. दोन बोटांऐवजी एक बोट वापरा.

टायरमधली हवा मात्र सगळ्यांनी नीट ऐका. मातीवर १२ ते १३ पीएसआय चालतं. जांभ्याची कड लागली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटून दोन भोकं पडतात. १५ ठेवा, जाड ट्यूब घाला, रिम लॉक (टायर रिमवर घट्ट धरणारा) आवळलेला बघा. केटीएमच्या मागच्या चाकात रिम लॉकच्या शेजारचा स्पोक सगळ्यांत आधी सैल होतो. दर हीटनंतर तो हातानं दाबून बघा. तो एक सुटला की शेजारचे चार सुटतात.

एअर फिल्टर हे केएक्सचं दुखणं. या मॉडेलांना तो सीटखाली आहे, बोल्ट काढून सीट उचलावी लागते. केटीएमला बाजूचं झाकण हातानं निघतं. कंटाळ्यामुळे केएक्सचा फिल्टर दोन-दोन दिवस तसाच राहतो, आणि ती लाल धूळ पिस्टन-रिंगा खाते. यावर उपाय म्हणजे तेल लावलेले तीन फिल्टर पिशवीत तयार ठेवायचे आणि प्रत्येक अर्ध्या दिवसाला बदलायचे. फिल्टर बसवल्यावर कडेला ग्रीसचा हात फिरवा. इंजिन ऑइल दोघींनाही या धुळीत आणि उकाड्यात पाच तासांनी बदला. पेट्रोल ९५ ऑक्टेनपेक्षा कमी नको, आणि टाकीत पडून राहू देऊ नका. त्यातलं इथेनॉल आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं.

तुलना करायची तर न्यायानं करा. दोन्हींना एकाच कंपनीचे नवे टायर, तोच दाब, तोच स्वार, त्याच्या वजनाला बसवलेला सॅग. तीन लॅप गरम व्हायला, पाच लॅप घड्याळ लावून. आधी केएक्स, मग केटीएम, मग पुन्हा केएक्स, कारण मधल्या वेळात ट्रॅक उकरला जातो आणि दुसऱ्या गाडीवर अन्याय होतो. सर्वांत वेगवान लॅप बघू नका. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन लॅपमधला फरक बघा. ज्या गाडीवर तो कमी, ती गाडी त्या माणसाची.

माझं मत विचाराल तर सड्यावरच्या खडबडीत ट्रॅकला, ७० किलोच्या आसपासच्या आणि रोज पंप हातात न घेणाऱ्या स्वाराला केएक्स. वही ठेवणाऱ्या, हलका किंवा जड असलेल्या, दिवसभर चालवून थकवा वाचवू पाहणाऱ्याला केटीएम. पावसाळ्यात, जेव्हा वर शेवाळं आणि खाली लाल चिखल असतो, तेव्हा टोकदार धक्के राहतच नाहीत. तिथे हलक्या पुढच्या भागाची केटीएम पुढे जाते.

एक मनापासून सांगायचं आहे. या गाड्यांना दिवा, हॉर्न, नंबर प्लेट काही नसतं. रस्त्यावर त्या चालवायच्या नाहीत, टेम्पोतून न्यायच्या. आणि कोणताही सडा म्हणजे मोकळं मैदान समजू नका. उक्षी, बारसू, कशेळी, देवीहसोळ इथल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत, आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यावरून एक नॉबी (मोठ्या गुट्ट्यांचा) टायर फिरला तर कड कायमची तुटते. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालतात, तिथेही चाक नको. जमीनमालकाला विचारून, आधी पायी फिरून, चुन्यानं आखलेल्या ट्रॅकवरच गाडी घाला. चिरेखाणीत तर पायी फिरणं सक्तीचंच. तिथल्या भिंती सरळ कापलेल्या असतात आणि उन्हाळ्यातही तळाशी खोल पाणी असू शकतं.

घरी आल्यावर गाडी लगेच गोड्या पाण्यानं धुवा, पण प्रेशरचा फवारा लिंकेज, कोनसेट आणि चाकाच्या बेअरिंगवर सरळ मारू नका. खारी हवा आणि पाणी मिळून लिंकेजच्या बेअरिंगमधल्या सुया एका पावसाळ्यात गंजवतात. दर वीस तासांनी लिंकेज उघडून ग्रीस भरा, जून ते सप्टेंबर दर दहा तासांनी. सायलेन्सरला बूच लावूनच पाणी मारायचं, आणि मग ते बूच काढून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं म्हणजे कोपऱ्यातलं पाणी उडून जातं.